घरचा शेवटी

लीलाबाई सेलूहून आली ती पिशवीत संत्री आणि पोटात पन्नास वर्षांची गोष्ट घेऊन. संत्री तिनं उंबरठ्यातच भाचसून पौर्णिमाच्या हातात दिली. गोष्ट तेवढी पोटात ठेवली असती, तर उमरघाटच्या नान्हेंच्या घरी त्या दिवशी जेवणं तरी वेळेवर झाली असती. पण या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आर्वीपासून सेलूपर्यंत सगळ्यांना ठाऊक. तिला बोलावलंच कशाला, हा खरा प्रश्न. तर साक्षीदार म्हणून. वारसाच्या कागदावर घरातल्या, पण स्वतः वारस नसलेल्या जुन्या माणसाची सही लागते, आणि मयत पुनाजीची बहीण म्हटल्यावर तिच्याहून जुनं माणूस कोण उरलं होतं?

पोलीस पाटील प्रभाकरराव खाटेवर बसून तो कागद वाचत होते. प्रत्येक ओळीनंतर चष्मा पुसायची त्यांना सवय.

"उमरघाट येथील बंद पडलेली घाटचौकी पूर व बुडीत बचावाकरिता पुन्हा सुरू करण्यात येत असून..." चष्मा पुसला. "शेवटचे चौकीदार मयत पुनाजी झिबल नान्हे यांच्या रक्ताच्या वारसांपैकी एकास चौकीदार नेमण्यात येईल. दत्तक अथवा सांभाळलेले अपत्य व त्याची मुले यांचा विचार होणार नाही. नाव उद्या दुपारी बारापर्यंत..."

"सांभाळलेलं नाई चालत?" लीलाबाई म्हणाली. "अवं माय! मंग या दोघायतला पाण्यातला कोन, ते आंधी ठरवा नं!"

झालं. कोपऱ्यात जाळं विणत बसलेल्या पुनाजीच्या बायकोच्या, सखूबाईच्या हातातली लाकडी सुई थांबली. तिच्या दोन पोरांपैकी कैलासनं जमिनीकडे पाहिलं, धनंजयनं छताकडे. पौर्णिमाच्या हातातलं सोललेलं संत्रं तसंच राहिलं.

आता ही गोष्ट घरात कोणाला ठाऊक नव्हती असं नाही. गाव केव्हाच विसरलं होतं; गावाला कैलास आणि धनंजय जुळे. शाळेच्या दाखल्यावर दोघांची जन्मतारीख एक जून, तशी तर त्या वर्गातल्या निम्म्या पोरांची होती. पण घरात सगळ्यांना माहीत होतं की दोघांपैकी एक सखूबाईच्या पोटचा आणि एक नदीतला. कोणता, हे कोणी विचारत नव्हतं. दुखऱ्या दाताला जीभ लावू नये, तसं.

गुंजनला, कैलासच्या पोरीला, मात्र त्या घडीला एकच कळलं: चौकी आपल्या हातची चालली.

चोवीस वर्षांची ही पोरगी. तिला ती चौकी हवी होती, आणि ते तिनं कधी लपवलं नव्हतं. पूल झाला, चौकी बंद पडली, आजोबा गेले, दाराला कुलूप लागलं आणि चावी हरवली. अकरा वर्षं झाली. आणि अकरा वर्षांत घाटावर चार माणसं बुडून मेली. कारण पूल झाला म्हणून नदी काही शहाणी झाली नाही. वरून पाणी सोडलं की ती तशीच येते. यंदा गणपती शिरवताना, म्हणजे विसर्जनात, संदल वाजवणारा एक माणूस ढोलासकट डोहात गेला, तेव्हा काठावर दोनशे लोक मोबाईल वर करून उभे होते. गुंजननं शेजारच्या घरातला तुंबा, म्हणजे आपला वाळवलेला भोपळा, कमरेला बांधला आणि उडी टाकली. माणूस वाचला. ढोल गेला. दुसऱ्या दिवशी तो माणूस पेढे घेऊन आला, तर सखूबाईनं त्याला दारातूनच परत पाठवलं. ज्याला काढलं त्याचं खायचं नाही, त्याचं नाव विचारायचं नाही, ही चौकीची रीत. आणि दुसरी रीत त्याहून कडक: डोंग्यात, म्हणजे चौकीच्या होडीत, आधी परका, मग गावचा, आणि घरचा शेवटी.

"आमचे हे घरचे," धनंजयची बायको पौर्णिमा म्हणाली. संत्रं तिनं खाली ठेवलं. बोलायला ती ज्या तऱ्हेनं पदर खोचते त्यावरून कळतं की आता लवकर थांबायची नाही. "साफ गोठ हाय. पाटील, तुमी लिवा कार्तिक धनंजय नान्हे."

"आई, मले पोहता येत नाई," कार्तिक दारातून म्हणाला. सव्वीस वर्षांचा पोरगा, पुलगावला टेम्पो चालवतो.

"शिकता येते. तू चूप बस."

"पन वयनी, पुरावा?" प्रभाकररावांनी विचारलं.

"पुरावा? मामाजी, माहे सासरे, डावखुरे होते का नाई? आमचे हे डावखुरे. अन् दुसरं, मोठा पुरावा." तिनं कैलासकडे न बघता सांगितलं, "भाऊजी, राग नका मानू. तुमी दोघं नऊ वर्साचे होते तवा पाटलाच्या पोरीसंगं तिघंबी धारेत सापडले. मामाजीनं डोंगा घातला. पयले कोन काढलं? पाटलाची पोरगी. मंग? तुमी. अन् शेवटी? हे! घरचा शेवटी! रीत तुमच्याच घरची हाय, मी माहेरून नाई आनली."

प्रभाकररावांची मोठी बहीणच होती ती पाटलाची पोरगी. त्यांनी चष्मा पुसला.

गुंजननं बापाकडे पाहिलं. "बाबा, बोला नं काईतरी."

कैलासनं मान आणखी खाली घातली. तो बोलणार नाही हे त्याचं त्याला ठाऊक होतं. पौर्णिमानं आज जे सांगितलं ते तो नऊ वर्षांचा असल्यापासून मनात धरून बसला होता. त्या दिवशी डोंग्यात ओला, थरथरत बसून त्यानं बापाला पुन्हा धारेत जाताना पाहिलं, धनंजयसाठी, शेवटी. आणि त्याला कळलं की आपण या घरात पाहुणे. पाहुण्यासारखाच राहिला मग तो. शाळा सोडली, धनंजयला आयटीआयला जाऊ दिलं. गावालगतचं वावर धनंजयला, नदीकडचं, दर पावसाळ्यात अर्धं बुडणारं, आपल्याला. कोणी विचारलं तर म्हणायचा, मले मासोळ्या जवळ पडते. कोणी त्याच्यावर अन्याय केला नव्हता. त्यानं तोंडच उघडलं नव्हतं कधी.

"आत्या," गुंजन लीलाबाईकडे वळली. "तुमी तवा घरात होत्या. तुमीच सांगा. कोनतं लेकरू नदीतून आलं?"

"सांगतो नं," लीलाबाई सावरून बसली. या घटकेसाठी ती बसनं दोन तास उभी आली होती. "पोळ्याचा पूर होता तो. सकाऊन दादानं पाह्यलं तं धारेतून एक छप्पर येऊन राह्यलं. छपरावर एक बकरी अन् बकरीजवळ लेकरू. दीड वर्साचं. दादानं दोनी काढले. बकरीचा मालक आठा दिवसांनी येऊन बकरी घेऊन गेला. लेकराचं कोनी आलं नाई. ठाण्यात सांगतलं, तहसीलीत सांगतलं. कोनी नाई." तिनं डोळ्याला पदर लावला. "तवा तेवढंच घरचंबी होतं, दीड वर्साचं. आता नदीनं सोडलेलं लेकरू नदीपासून लपवा लागते. नाई तं ते वापस नेते. मंग दोघायचे मुंडन केले, दोघायले एकाच ताग्याच्या आंग्या शिवल्या, दोघायचे नावं बदलले."

"म्हनजे?"

"घरच्याचं नाव होतं धनंजय. ते बदलून कैलास केलं. अन् आलेल्याचं नाव धनंजय ठेवलं. म्हनजे नदीनं 'ए धनंजय' हाक मारली तं तिले वाटंन हे तं आंधीचंच..."

"म्हनजे बाबा घरचे!"

"थांब थांब." लीलाबाईनं कपाळाला हात लावला. "नाई वं. घरच्याचं नाव कैलासच होतं, श्रावनात झाल्तं म्हनून. ते देल्लं आलेल्याले. अन् घरच्याले धनंजय. का मंग पुन्हा बदलले होते? कारन मंग एकाले गोवर निंगाला, तवा भगत म्हने नाव फिरवा..."

"आत्या!"

"अवं, नदीले चकवाले केल्तं ते! मी चकली त्यात काय नवल हाय!"

प्रभाकररावांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. पाहता पाहता घराचे दोन पक्ष झाले. कान कोणाचे, चाल कोणाची, तर्री न खाता आंबील मागायची सवय कोणाची. लीलाबाई सुरुवातीला कैलासच्या बाजूनं होती. पौर्णिमानं तिला गरम चहा आणि वर दोन तोस दिल्यावर तिला धनंजयचं नाक पुनाजीसारखं दिसायला लागलं. कार्तिक, ज्याच्यासाठी हे चाललं होतं, तो गुंजनच्या कानाशी येऊन म्हणाला, "गुंजन, तूच घे नं बाई. मले टेम्पोच बरा." गुंजनला त्याचाही राग आला. घ्यायला ती काय संत्र्याची फोड होती?

आणि ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते दोघं भाऊ? एक जमिनीकडे बघत बसलेला. दुसरा कधी उठून दाराआड ऐकत उभा राहिला, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

"आई," प्रभाकरराव शेवटी सखूबाईकडे वळले, "तुमीच सांगून टाका. लेकरू कोनाच्या पोटचं हे मायले नाई तं कोनाले मालूम राहीन?"

सखूबाईनं सुई जाळ्यात खोचली. पंचाहत्तरीची बाई, पण बोलायला लागली की मोठमोठी माणसं पाय जवळ घेऊन बसत.

"मी नाई सांगत. यायनं मले शपथ घातली होती. म्हने, ज्याची चावी त्याले मी सांगीन, तू तोंड उघडजो नको. अन् न सांगता गेले. करगोट्याले बांधून राहे ती चावी. मी आंघोळ घालतांनी पाह्यली, नव्हती." ती थांबली. "पन तुमी हे जे लावलं हाय नं दुपारपासून, रक्ताचा कोन अन् पाण्यातला कोन, ते आयकून मले हासा का रडा समजत नाई. तुमचा बाप कोन्या रक्ताचा होता?"

"पुनाजी झिबल," प्रभाकरराव म्हणाले. "झिबलच्या."

"झिबलनं त्यायले डोहातून काढलं. कापसाची बैलबंडी उलटली होती, पुलगावच्या जिनिंगले जात होती. मायबाप गेले, हे राह्यले. अन् झिबलले त्याच्याआंधीच्यानं काढलं. चौकी रक्तानं कधीच चालली नाई, पाटील. ज्याले पाण्यानं सोडलं, चावी त्याची. ज्यायच्या नाकातोंडात पानी गेलं असते त्यायलेच मालूम असते का खालून वरचा हात किती लांब दिसते. अशी रीत हाय. बाहेर सांगाची नाई, म्हनून कोनी सांगतली नाई."

मग लीलाबाईचा बारीक आवाज आला.

"म्हनजे पुनादादा माहा भाऊ नव्हता?"

"साठ वर्सं राखी बांधली का नाई तू?"

"बांधली."

"मंग नव्हता कसा?"

"अन् मी? मी कोनच्या पुरातली?"

"तू घरची. झिबलच्या बायकोच्या पोटची. तुह्या तोंडावरूनच समजते." यावर लीलाबाई रडायला लागली. सुखानं की दुःखानं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पौर्णिमानं मात्र पदर पुन्हा खोचला. "मंग तं गोठच फिरली! मी म्हनत होती नं, आमचे हे पाण्यातलेच! पाहा नं, यायले पाण्याचं केवढं भेव हाय. आंघोळीले बकीट पुरते, नदीत पाय टाकत नाई. लेकरू असतांनी वाहून आल्याचंच भेव ते!"

"वयनी," प्रभाकरराव हताश झाले, "आताच तं तुमी घरचे म्हनत होत्या."

"तवा मले रीत मालूम नव्हती!"

"पन कागदाले रक्ताचा पायजे. चौकीले पाण्यातला पायजे. आता दोनी एकच मानूस कसा आनू मी? तुमी काई बी ठरवा, म्या पांढऱ्यावर काय लिवू?"

"दोनी लिवा," लीलाबाई नाक पुसत म्हणाली, "जे चाललं ते चाललं."

गुंजन उठली. रक्ताचे ठरलो तर कागद आपला आणि रीत परक्याची. पाण्यातले ठरलो तर रीत आपली आणि कागद परक्याचा. आणि या सगळ्यात दर पावसाळ्यात माणसं मरतात ते कोणाच्याच बोलण्यात नाही. "मले चौकी पायजे!" ती ओरडली. "रक्त बी नको अन् पानी बी नको, मले ते दार उघडून पायजे!" आणि ती बाहेर पडली. मागून लीलाबाई म्हणाली, "पोरीच्या जातीले एवढा राग बरा नाई," आणि पहिल्यांदाच कैलास बोलला, "राहू दे आत्या. तिचं बरोबर हाय."

चौकी घाटाच्या वर, उंच दगडी जोत्यावर. एकच खोली, साहेबाच्या काळातली. समोर डोंगा उलटा घालून ठेवलेला. तो गुंजननंच डांबर लावून वापरात ठेवला होता. पलीकडे पुलावरून सोयाबीनचे ट्रॅक्टर चालले होते. चार वाजले असतील.

धनंजय चौकीच्या पायरीवर बसला होता. नदीकडे पाठ करून.

"काकाजी? इथं काऊन बसले?"

"बस," तो म्हणाला.

ती बसली. तो बोटं चोळत राहिला. आर्वीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस, बोटांच्या पेरांत काळं ग्रीस कायमचं बसलेलं. मग त्यानं सदरा वर केला, कमरेचा काळा करगोटा ओढला आणि त्याला बांधलेली पितळी चावी बाहेर काढली.

गुंजनला आधी समजलंच नाही की ती काय बघते आहे.

"मराच्या दोन दिस आंधी बानं देल्ली," धनंजय म्हणाला. "म्हने, धना, तू पाण्यातला. कैलास आईच्या पोटचा. चौकी आता तुही. चाळीस वर्साचा होतो मी. दोन पोरायचा बाप. अन् म्हातारा खाटेवरून सांगते का तू या घरचा नाई."

"असं म्हनले आजोबा?"

"असं नाई म्हनले. मले असं आयकू आलं." तो चावी बोटात फिरवत राहिला. "घेतली मी. नाई कसं म्हनू मरत्या मानसाले? पन मले पाण्याचं भेव, गुंजन. नऊ वर्साचा होतो, एका मुळीले धरून लटकलो होतो, अन् बा आंधी तिले काढे, मंग कैलासले. मी पाहून राह्यलो. ती मुळी सुटत चालली होती. तवापासून मी पाण्यात पाय नाई टाकला. अन् अशा मानसाच्या हातात चावी. अकरा वर्सात चार मानसं गेले या घाटावर. चवघायचे नावं मालूम हाय मले. रीत हाय का नावं विचाराचे नाई. पन मेलेल्यायचे तं विचारता येते. तू संदलवाल्याले काढलं तवा मी वरती पुलावर होतो. माहे पाय नाई हालले."

गुंजननं वर पुलाकडे पाहिलं.

"आज तुही काकी जवा म्हनाले लागली का मी घरचा, डावखुरा, शेवटी काढला, तवा मले वाटलं, म्हनू दे. खरं निंगू दे. मी रक्ताचा ठरलो का ही चावी माही नव्हतीच. मंग ते चवघं माह्या मानेवर नाई. समजलं?" तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "अन् मंग आईनं रीत सांगतली."

आता गुंजनला सगळं स्पष्ट दिसत होतं, आणि त्यामुळेच जास्त गोंधळ उडाला. हे घरी जाऊन सांगितलं की कागदानुसार वारस कैलास, म्हणजे ती. उद्या बारापर्यंत चौकी तिची. आणि ज्या काकानं तिला सायकल शिकवली, तो तिच्या हातानं परका ठरणार. नाही सांगितलं तर कार्तिक, ज्याला हौदातही तरंगता येत नाही. तिला चौकी हवी होती. एवढी किंमत देऊन हवी होती का?

"तू काईच बोलू नको," धनंजय उठत म्हणाला. "तुह्या बोलाची गोठच नाई ते."

घरी प्रभाकरराव चौथा चहा पीत होते. पौर्णिमा आणि लीलाबाई यांचं आता तिसऱ्याच बाजूवर एकमत झालं होतं, की भगताला बोलवावं. धनंजय आत आला, चप्पल न काढता मधोमध उभा राहिला आणि चावी खाटेवर टाकली.

"बानं मले सांगतलं होतं. कैलास आईच्या पोटचा. मी पाण्यातला. पाटील, गुंजनचं नाव लिवा."

सखूबाईनं चावीकडे पाहिलं. मग पोराकडे. "अकरा वर्सं," ती म्हणाली. "अकरा वर्सं तुले मालूम होतं, अन् दर दिवाळीले माह्या पाया पडतांनी तुले वाटे का ही माही माय नाई?"

"असं नाई वाटे, आई. पन तुले वाटत असंन, असं वाटे."

"मूर्ख हायस तू." तिनं कैलासकडे बोट केलं. "दोघं बी मूर्ख."

दुसरा मूर्ख, म्हणजे कैलास, खाटेला धरून उभा होता. कोणी त्याच्याकडे बघेना तेव्हा तोच बोलला, आणि एवढं लांब तो आयुष्यात बोलला नव्हता. "मले तं वाटे मी पाण्यातला. मले आंधी काढलं नं बानं. मी म्हनलं, मी पाहुना. धना, मी चाळीस वर्सं पाहुना म्हनून राह्यलो बे या घरात! तुले चांगलं वावर देल्लं, तुले शिकू देल्लं, म्हनलं घरच्या पोराचं आंधी. अन् तू म्हनतं मी घरचा?" त्याला हसू यायला लागलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "मंग बानं तुले शेवटी काऊन काढलं?"

त्याचं उत्तर सखूबाईपाशी असेल, पण ती उठून चपला शोधत होती.

पौर्णिमाच्या नवऱ्याच्या कमरेला अकरा वर्षं चावी होती आणि तिला त्यानं पत्ता लागू दिला नव्हता, हे तिला पाण्यापेक्षा आणि रक्तापेक्षा जास्त लागलं. पण तिनं रडारड केली नाही. "आंघोळीच्या वक्ती दार लावून घ्यायचे," ती एवढंच म्हणाली. "मले वाटे लाजते."

प्रभाकररावांनी लिहिलं: गुंजन कैलास नान्हे. साक्षीदार एक: लीलाबाई. ती सही करताना म्हणाली की मी आधीपासून हेच सांगत होते. साक्षीदार दोन: धनंजय. त्यानं डाव्या हातानं सही केली. मग पेन थांबलं.

"साक्षीदाराचं वारसाशी नातं," प्रभाकरराव अडखळले. "इथं काय लिवू?"

"काका लिवा," गुंजन म्हणाली. "दुसरं काय लिवता?"

उन्हं उतरायच्या आत सगळे घाटावर आले. सखूबाईला कार्तिकनं हाताला धरून आणलं. गुंजननं कुलूप हातात घेतलं. अकरा पावसाळे खाल्लेलं कुलूप. चावी फिरणार नाही, दगड घालून तोडावं लागेल, असं कैलास आधीच म्हणाला होता. तिनं चावी घातली. ती लोण्यात घातल्यासारखी फिरली.

कुलूप तिच्या हातात उघडं पडलं, आणि तिची बोटं काळी झाली. तिनं वास घेतला. डेपोतलं ग्रीस. ताजं होतं.

तिनं वळून पाहिलं. धनंजय खाली बघत होता. दर काही महिन्यांनी आर्वीहून येताना हा माणूस इथं उतरत होता, कुलपात ग्रीस भरत होता आणि दार न उघडता घरी जात होता.

आत अंधार, वटवाघळांचा वास. आढ्याला तुंबे तसेच टांगलेले, दोन कीड लागून फुटलेले, बाकी धड. दोराची वेटोळी. पितळेची घंटा. आधी प्रभाकरराव आत गेले, चष्मा पुसत. मग लीलाबाई, "बापा, केवढुशी हाय" म्हणत. मग पौर्णिमा, कार्तिक. कैलास गेला. धनंजय मात्र खालच्या पायरीवरच उभा राहिला. एक पाय वर ठेवायचा, परत घ्यायचा.

"काकाजी, या नं," गुंजननं हाक मारली. तो हलला नाही.

सखूबाई उंबरठ्यात बसली होती. तिनं आत नजर टाकली, एकेक माणूस मोजलं.

"सारे आले का?" तिनं नातीला विचारलं.

"हाव."

"मंग आता जा, त्याले घेऊन ये," सखूबाई म्हणाली. "घरचा शेवटी."